‘आमूर’मधल्या ॲनला नेमकं काय झालं होतं?

मे २०२५ मध्ये फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीने एक विधेयक पहिल्या वाचनात ३०५ विरुद्ध १९९ मतांनी मंजूर केलं. बरा न होणारा आजार असलेल्या माणसाला मरण्यासाठी वैद्यकीय मदत मागता यावी, असा त्याचा आशय. हा विषय निघाला की मिखाएल हानेके यांच्या ‘आमूर’ या फ्रेंच सिनेमाची आठवण निघते. ‘आमूर’ म्हणजे प्रेम. २०१२ साली या सिनेमाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि पुढच्या वर्षी परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर. सिनेमातल्या नायिकेची, ॲनची, भूमिका करणाऱ्या इमॅन्युएल रिव्हा यांना त्याच वर्षी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकन होतं, आणि समारंभाच्या दिवशी त्यांना ८६ वर्षं पूर्ण झाली.

कथा दोन ओळींची आहे. पॅरिसमधल्या एका जुन्या फ्लॅटमध्ये ऐंशी ओलांडलेले दोन निवृत्त संगीतशिक्षक राहतात, जॉर्ज आणि ॲन. तिला पक्षाघात होतो, तो तिची घरीच सेवा करतो, आणि एके दिवशी उशी दाबून तिचा जीव घेतो. (शेवट फोडला असं वाटायला नको. सिनेमा सुरूच होतो तो दार फोडून आत आलेल्या अग्निशमन दलाला तिचा मृतदेह सापडतो तिथून.)

बरेच प्रेक्षक हा ‘दयामरणाचा सिनेमा’ समजतात. तसं समजलं तर त्यातलं सर्वात मोलाचं हातून निसटतं. पावणेदोन तास हानेके दाखवतात ते आजार आणि शुश्रूषेचं काम, तेही इतकं अचूक की एकेक दृश्य थांबवून शिकावं. उशीचा प्रसंग काही मिनिटांचाच आहे. तो का घडला हे समजायचं तर आधी तिच्या मेंदूत काय झालं आणि त्याच्या अंगावर किती काम पडलं, हे पाहायला हवं.

नाश्त्याच्या टेबलावरची ती काही मिनिटं

स्वयंपाकघरात दोघं नाश्ता करताहेत. जॉर्ज काही विचारतो, ॲन उत्तर देत नाही. डोळे उघडे, नजर शून्यात. तो नळाखाली फडकं भिजवतो, तिच्या चेहऱ्यावरून आणि मानेवरून फिरवतो. काही फरक पडत नाही. नळ तसाच चालू ठेवून तो कपडे घालायला आत जातो आणि अचानक पाण्याचा आवाज थांबतो. ॲनने नळ बंद केलेला असतो. ती म्हणते, नळ का चालू ठेवलास? मधलं तिला काहीच आठवत नाही. मग ती चहा ओतायला घेते आणि चहा कपाबाहेर पडतो.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला आणि आपोआप सुरू झाला, तर त्याला टीआयए म्हणतात. आपल्याकडे डॉक्टर ‘मिनी स्ट्रोक’ असंही सांगतात. एक खुलासा मात्र करायला हवा. नुसतं एकटक बघत राहणं आणि नंतर काही न आठवणं हे टीआयएचं ठरावीक लक्षण नाही, ते फिटच्या एका प्रकारात जास्त दिसतं. टीआयएमध्ये बहुधा एका बाजूचा हात-पाय लुळा पडतो, तोंड वाकडं होतं, बोबडी वळते किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं होतं. पण दोन्हींपैकी काहीही असलं तरी करायचं एकच: त्याच दिवशी डॉक्टर. टीआयएनंतर मोठा झटका येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वात जास्त असतो. ‘आता बरं वाटतंय ना, मग बघू सोमवारी’ हे वाक्य इथे फार महागात पडतं.

खरा झटका आला तर घड्याळ बघा आणि माणूस शेवटचा नीट कधी होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ ला फोन करा. तोंडात पाणी, साखर, गोळी काहीही घालू नका. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते. शिवाय झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिनने तो वाढतो. लकव्याचं झाडपाल्याचं औषध घ्यायला आधी दुसऱ्या गावी नेण्यात ते साडेचार तास कधी सरतात कळतही नाही.

मानेतली नळी आणि ठिबकची तोटी

ॲनच्या मानेतली कॅरोटिड धमनी तुंबलेली निघते. ही मेंदूला रक्त नेणारी मोठी नळी. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक असते आणि जबड्याच्या कोनाजवळ तिला फाटा फुटतो. त्या फाट्यावर चरबी आणि चुन्याचा थर साचतो.

ठिबक सिंचन पाहिलेल्या कुणालाही पुढचं सहज कळेल. मुख्य पाइपात क्षाराचा थर बसला तरी पाणी काही काळ येत राहतं. खरी पंचाईत थराचा कपचा सुटला की होते. तो वाहत जाऊन एखाद्या बारीक तोटीत अडकतो, आणि त्या तोटीखालचं रोप सुकतं, शेजारचं हिरवंगार राहतं. मेंदूतही नेमका एक भाग जातो आणि त्या भागाचं काम जातं. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो. धमनी मोकळी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ॲनची उजवी बाजू लुळी पडते, म्हणजे मार डाव्या मेंदूला बसला आहे. बहुतेकांची भाषाही डाव्या मेंदूतच असते. पहिल्या झटक्यात ॲनचं बोलणं शाबूत राहतं, पण पुढे काय जाऊ शकतं याची सूचना त्या उजव्या हातातच आहे.

शस्त्रक्रिया झाली आणि तिच्यामुळेच लकवा? मग डॉक्टर चुकले का?

जॉर्ज मुलीला, एव्हाला, सांगतो की धोका अगदी कमी आहे असं डॉक्टर म्हणाले होते, फक्त पाच टक्के. ॲन त्या पाचांत सापडली.

या शस्त्रक्रियेत मानेवर छेद देऊन धमनीला काही वेळ चिमटे लावतात, ती उघडतात आणि आतला थर सोलून काढतात. सोलताना कपचा सुटून मेंदूत जाऊ शकतो. सोललेल्या ओल्या पृष्ठभागावर नवी गुठळी धरू शकते. चिमटे लावलेले असताना रक्त कमी पडू शकतं. म्हणजे ज्या झटक्यापासून वाचायचं, तोच झटका शस्त्रक्रियेत येऊ शकतो. आधी लक्षणं दिसलेल्या रुग्णांमध्ये झटका किंवा मृत्यूचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आत असेल तरच ही शस्त्रक्रिया करावी, असा वैद्यकीय निकष आहे. लक्षणं नसतील तर तीन टक्क्यांच्या आत. जॉर्जचे पाच टक्के या हिशेबात बसतात.

मग करतातच कशाला? कारण न करण्यातही धोका आहे. १९९१ साली उत्तर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत, सत्तर टक्क्यांहून अधिक तुंबलेल्या आणि लक्षणं दिसलेल्या रुग्णांपैकी नुसत्या औषधांवर ठेवलेल्यांत दोन वर्षांत २६ टक्क्यांना त्या बाजूचा झटका आला, शस्त्रक्रिया केलेल्यांत ९ टक्क्यांना. आजची औषधं तेव्हापेक्षा चांगली आहेत, म्हणून हा निर्णय आता अधिक विचाराने घेतला जातो. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न तीन: नळी किती टक्के तुंबली आहे, लक्षण दिसून किती दिवस झाले (फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक), आणि तुमच्या स्वतःच्या रुग्णालयात झटक्याचं प्रमाण किती आहे.

उतार नव्हे, जिना

अल्झायमरमध्ये माणूस उतारावरून घसरत जावा तसा हळूहळू कमी होत जातो. रक्तवाहिन्यांच्या आजारात जिना उतरल्यासारखं होतं. एक पायरी खाली, मग काही आठवडे किंवा महिने सगळं तसंच, मग एका रात्रीत पुढची पायरी. सिनेमाची रचना अशीच आहे. चाकाच्या खुर्चीतली ॲन आधी पुस्तक वाचते, विजेवर चालणारी खुर्ची हॉलमध्ये फिरवून बघते. मग दुसरा झटका येतो, आणि त्यानंतर ती अंथरुणातून उठत नाही.

पायरीवरच्या या सपाट जागेत घरचे फसतात. ‘आता बसलंय सगळं’ असं वाटतं आणि सेवेची घडी त्या दिवसाच्या गरजेपुरतीच बसवली जाते.

उचलणं, वळवणं, भरवणं

ॲनला स्वच्छतागृहातून उठवतानाचं दृश्य बघा. जॉर्ज तिला मिठीत घेतो, ती एका हाताने त्याला धरते, आणि दोघं छोट्या छोट्या पावलांनी वळतात. लांबून पाहिलं तर नाच वाटावा. पण ऐंशी वर्षांचा माणूस स्वतःच्या पाठीवर दुसऱ्याचं सगळं वजन घेतो आहे.

फिजिओथेरपिस्ट याची रीत शिकवतात. खुर्ची रुग्णाच्या चांगल्या बाजूला, पलंगाला तिरकी लावायची. ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करायच्या. रुग्णाची पावलं जमिनीवर टेकवून त्याला पलंगाच्या कडेला पुढे सरकवायचं. कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, आपला गुडघा त्याच्या लुळ्या गुडघ्याला टेकवायचा, पाठ सरळ ठेवून गुडघ्यात वाकायचं आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणत उठवून वळवायचं. मानेला मिठी मारू द्यायची नाही, आपली मान आणि पाठ जाते. लुळा हात धरून ओढायचं तर कधीच नाही. स्नायूंचा आधार सुटलेला खांदा खोबणीतून खाली उतरलेला असतो. ओढल्याने जी दुखापत होते ती महिनोन्‌महिने ठणकते.

सिनेमात विजेवर वरखाली होणारी खाट घरी येते. ती चैन नाही. सेवा करणाऱ्याच्या कमरेच्या उंचीला गादी आली की पाठ वाचते. आपल्याकडे रुग्णाला दिवाणावर किंवा खाली गादीवर ठेवतात आणि सेवा करणारी सून किंवा बायको महिनाभरात कंबर धरून बसते. फाउलर कॉट, म्हणजे डोक्याची आणि पायांची बाजू उचलता येणारी खाट, भाड्याने मिळते, ती पहिल्याच आठवड्यात आणावी.

पडून असलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, नितंब, टाचा आणि घोटे इथे हाडाखाली मांस कमी, त्यामुळे वजनाने रक्त अडतं आणि कातडी मरते. यालाच बेडसोर म्हणतात. लाल डाग दिसला तर बोट दाबून सोडा. डाग क्षणभर पांढरा पडला तर ठीक. तसाच लाल राहिला तर जखम आतून सुरू झालेली आहे. काळ्या-सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे हाताला लागणारी ऊब आणि कडकपणा तपासायचा. डागावर तेल चोळायचं नाही, त्याने खालची नाजूक कातडी आणखी फाटते. मधोमध भोक असलेली रबरी कडीही वापरायची नाही, ती भोवतालचं रक्त अडवते. हवेची गादी चांगली, पण ती कूस बदलण्याऐवजी नाही, त्याशिवाय. टाचांखाली नव्हे तर पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्यायच्या.

हे काम नीट झालं तर काय होतं याचं उदाहरण मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला तेव्हा, इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर झालेला नाही, ही गोष्ट मुद्दाम सांगितली गेली होती. पण तिथे परिचारिकांची एकामागून एक पाळी होती. जॉर्ज एकटा होता.

साधा हिशेब करा. दिवसाला बारा वेळा कूस, त्यातल्या चार-पाच रात्री. डायपर पाच-सहा वेळा. चार वेळा भरवणं, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास. सांध्यांचे व्यायाम दोनदा. कपडे, चादरी, औषधं. सेवा करणाऱ्याला सलग दोन तासांहून जास्त झोप मिळत नाही. तान्ह्या बाळाच्या आईचंही असंच असतं, पण बाळ तीन किलोचं असतं आणि रोज थोडं मोठं होत जातं.

भरवणं हा सर्वात अवघड भाग. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या दिवसांत जवळजवळ निम्म्या रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. अन्न श्वासनलिकेत उतरतं, कधी ठसकाही लागत नाही, आणि न्यूमोनिया होतो. घशात सर्वात वेगाने निसटतं ते साधं पाणी. म्हणून पातळ पदार्थ घट्ट करून देतात. आपल्या घरात पातळ पेज आणि वरणाचं पाणी ‘हलकं’ म्हणून आधी देतात, तेच धोक्याचं. वरणात मिसळून गुळगुळीत केलेला मऊ भात जास्त सुरक्षित. रुग्णाला नव्वद अंशांत बसवायचं, हनुवटी थोडी खाली, अर्धा चमचा तोंडाच्या चांगल्या बाजूला, गिळलं हे पाहून मगच पुढचा. खाल्ल्यावर आवाज ओलसर, गुरगुरल्यासारखा झाला तर थांबायचं. नंतर अर्धा तास बसतंच ठेवायचं.

जॉर्ज तिला तोटीच्या पेल्याने पाणी पाजतो. तोटीच्या पेल्यासाठी मान मागे करावी लागते आणि मान मागे गेली की श्वासनलिका उघडी पडते. ॲन पाणी तोंडात धरते आणि थुंकून टाकते. तो तिला थप्पड मारतो. पुढच्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते जॉर्जची भूमिका करणाऱ्या झाँ-लुई त्रँतिन्याँ यांनी असं दाखवलं आहे की मान फिरवावीशी वाटते. तो दुष्ट नाही. त्याची झोप संपली आहे, सल्ला द्यायला कुणी नाही, आणि आपली बायको पाणी गिळू शकत नाही की गिळू इच्छित नाही हे त्याला सांगणारंही कुणी नाही.

‘माल, माल’: ती दुखतंय म्हणते आहे का?

दुसऱ्या झटक्यानंतर ॲन तासन्‌तास ‘माल’ असं ओरडत राहते. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘दुखतंय’. नर्स जॉर्जला सांगते की याकडे फार लक्ष देऊ नका, हे आपोआप येतं, ती दुसरा कुठलाही शब्द म्हणाली असती.

मेंदूतल्या इजेने भाषा हरवणं म्हणजे अफेझिया. त्यात एखादाच शब्द सुटा राहून पुन्हा पुन्हा येतो. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका यांनी असाच रुग्ण तपासला होता, तो फक्त ‘तान’ म्हणू शकायचा. त्याच्या आणि पुढच्या काही वर्षांत पाहिलेल्या आणखी रुग्णांच्या मेंदूंवरून भाषेची जागा डाव्या बाजूला असल्याचं कळलं. तेव्हा नर्स म्हणते ते शास्त्राला धरून आहे. पण सल्ला अपुरा आहे. शब्द आपोआप येत असला तरी दुखणंही खरं असू शकतं. कपाळावरची आठी, कूस बदलताना वाढणारं कण्हणं, लुळा खांदा, तुंबलेली लघवी, चार दिवसांचं बद्धकोष्ठ, हे क्रमाने तपासल्याशिवाय ‘उगाच ओरडते’ असं कुणीही म्हणू नये.

त्याच दिवसांत जॉर्ज तिच्यासोबत ‘स्युर ल पाँ दाव्हिन्याँ’ हे बालगीत म्हणतो आणि तिच्या तोंडून तुटक का होईना, शब्द येतात. पाठ झालेली गाणी स्वतः जुळवलेल्या वाक्यापेक्षा वेगळ्या वाटेने येतात. आपल्याकडेही पाणी मागता न येणारी आजी ‘शुभं करोति’ पूर्ण म्हणते आणि घरचे चकित होतात. भाषोपचारात याच वाटेचा उपयोग करतात.

‘पण मरण तिने स्वतःच मागितलं होतं ना?’

हो, जगत राहण्यात अर्थ नाही असं ती बोलणं शाबूत असताना सांगते. जॉर्ज एका मित्राच्या अंत्यविधीहून परततो तेव्हा ती खिडकीपाशी जमिनीवर पडलेली असते. तिची इच्छा हलकी मानू नये. पण पक्षाघातानंतर सुमारे तीनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं आणि ते औषधांनी, बोलण्याने उतरू शकतं. ‘मला नको आता’ हे विचारपूर्वक आलेलं मत आहे की उपचार करण्याजोगा आजार, हे ठरवायला जाणकार माणूस लागतो. सिनेमात हा प्रश्न तिला कुणी विचारत नाही.

आणि उशीच्या क्षणी तिची संमती नाही. भाषा केव्हाच गेलेली आहे. म्हणून त्याला दयामरण म्हणणं मला पटत नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून दयामरणाचा कायदा आहे, पण तिथेही ते फक्त डॉक्टर करू शकतो, तेही रुग्णाच्या स्पष्ट मागणीवर. नवऱ्याने उशी दाबणं तिथेही खूनच.

इस्पितळात किंवा आश्रमात का ठेवलं नाही?

कारण ॲनने शपथ घातली होती: मला पुन्हा इस्पितळात नेऊ नकोस. जॉर्ज ती पाळतो आणि हळूहळू सगळी दारं लावून घेतो. दुसऱ्या नर्सला काढून टाकतो (ती ॲनचे केस जोरात विंचरून आरसा पुढे धरते, त्याचा राग रास्तच आहे). मुलीचे फोन घेत नाही. ती आली तर ॲनच्या खोलीला कुलूप. एव्हा रडते, काळजी करते, पण एक रात्रही उशाशी बसत नाही. मुलं परदेशात आणि आईवडील पुण्यातल्या फ्लॅटमध्ये अशी घरं असलेल्यांना ही मुलगी ओळखीची वाटेल. काळजीचा फोन आणि कूस बदलणारे दोन हात यांत फरक आहे, हे जॉर्ज तिला जवळजवळ याच अर्थाने सुनावतो.

घर किंवा इस्पितळ, अशा दोनच वाटा नसतात. फ्रान्समध्ये १९९९ च्या कायद्याने उपशामक सेवेचा हक्क दिला आहे आणि ती घरीही मिळते. उपशामक सेवा म्हणजे आजार बरा होणार नाही हे मान्य करून दुखणं, श्वास, झोप, तोंडाचा कोरडेपणा आणि घरच्यांचा थकवा यांवर उपचार करणं. ॲनने पाणी नाकारलं तेव्हा अशा परिचारिकेने जॉर्जला सांगितलं असतं की शेवटाकडे भूक-तहान कमी होते, जबरदस्ती करू नका, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली ठेवा. आपल्याकडे पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र आणि मुंबईत टाटा मेमोरियल यांनी हे काम रुजवलं, तेही मुख्यतः कर्करोगासाठी. पक्षाघाताच्या घरात बहुधा ब्यूरोची मावशीच असते, आणि तिला कूस बदलायची रीत कुणी शिकवलेली नसते. पहिल्या आठवड्यात फिजिओथेरपिस्टला बोलावून घरचे आणि मावशी दोघांनाही शिकवून घ्यावं. आठवड्यातून किमान एक रात्र मुख्य सेवेकऱ्याने दुसऱ्या खोलीत सलग झोपावं, आणि ती रात्र कुणाची हे नावासकट ठरवावं.

कायद्याने ॲनला काय मिळालं असतं?

फ्रान्समध्ये २००५ च्या कायद्याने उपचार नाकारता येतात आणि २०१६ च्या कायद्याने, मृत्यू अगदी जवळ आला असेल तर, शेवटपर्यंत गाढ गुंगीत ठेवता येतं. २०२५ च्या विधेयकात मागणी करणाऱ्याने आपली इच्छा स्वतः, समजून-उमजून सांगणं आवश्यक होतं. दुसऱ्या झटक्यानंतर ॲनला ते जमलं नसतं.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी वैद्यकीय इच्छापत्राला (पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे. निर्णय कोण घेईल त्या नातेवाइकांची नावं लिहायची आणि एक प्रत महापालिका किंवा स्थानिक संस्थेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवायची. गोव्यात असं पहिलं इच्छापत्र २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी केलं. या कागदाने व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबणं हे थांबवता येतं, रुग्णालयाच्या दोन वैद्यकीय मंडळांच्या संमतीने.

पण ॲनच्या खोलीत काढून घेण्यासारखं जीवरक्षक यंत्र एकही नाही. खाट, डायपर आणि तोटीचा पेला. म्हणून इच्छापत्रासोबत साध्या मराठीत आणखी एक पान लिहून ठेवावं: मला गिळता येईनासं झालं तर नळी घालायची की नाही, मी तोंड मिटलं तर किती आग्रह करायचा, घरीच ठेवायचं असेल तर रात्रीची पाळी कुणाची, आणि घरात झेपेनासं झालं की कुठल्या उपशामक केंद्राला फोन करायचा. ॲन पहिल्या झटक्यानंतर कितीतरी दिवस बोलू शकत होती. तेवढ्या दिवसांत तिने जॉर्जकडून वचन घेतलं ते फक्त इस्पितळाचं.